हुंडीतले 'नीमे' आणि 'शाहजोग'

एका वाचकांचा प्रश्न आहे. रविवार पेठेतलं जुनं घर आवरताना त्यांना आजोबांच्या कापडदुकानाच्या वह्यांत एका मारवाडी पेढीची हुंडी सापडली, म्हणजे अमुक रक्कम द्यावी असं दुसऱ्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी. कुणीतरी ती देवनागरीत उतरवून दिली आहे. त्यातली ओळ अशी: 'हुंडी एक रुपया ५०० अखरे पाँच सौ, नीमे रुपया अढाई सौ का दूना पूरा साहजोग देना'. त्यांना दोन गोष्टी कळत नाहीत. पाचशेच द्यायचे तर अडीचशेची दुप्पट कशाला? आणि हा शाहजोग नावाचा गृहस्थ कोण?

आधी 'नीमे'. त्याचा 'नेमणे' किंवा 'नेमके'शी काही संबंध नाही. हा फारसी 'नीम', म्हणजे अर्धा. आपण रोज बोलतो तो 'निम्मा' त्याच घरातला, आणि 'नीमहकीम' म्हणजे अर्धवट वैद्य, तोही. रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरात, मग तिची निम्मी सांगून 'तिची दुप्पट' अशी तीनदा लिहायची, हा हुंडीचा रिवाज. पाचशेवर एक शून्य चढवून पाच हजार करणाऱ्याला मग अक्षरं खोडावी लागतात आणि अडीचशेचे अडीच हजारही करावे लागतात. एवढी खाडाखोड कुठल्याही मुनिमाच्या नजरेतून सुटत नाही.

माझ्या मते याला आणखी एक कारण असावं. या हुंड्या मुडिया किंवा महाजनी लिपीत लिहीत, आणि त्या लिपीत काना-मात्रा जवळजवळ नसतातच. 'काकाजी अजमेर गया' हे घरच्यांनी 'काकाजी आज मर गया' असं वाचलं आणि रडारड सुरू झाली, हा किस्सा मारवाडी घरांतच हसत हसत सांगतात. अशा लिपीत पैशाचा मामला एकाच शब्दावर कोण सोडेल?

आता 'शाहजोग'. हा माणूस नाही, अट आहे. शाह म्हणजे बाजारात पत असलेला व्यापारी, जोग म्हणजे योग्य. हुंडी हातोहात कितीही फिरो, शेवटी पैसे मागायला येणारा शाह हवा. हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर पैसे नेणारा शाह ते परत करायला बांधील. म्हणजे पेढी कागदापेक्षा तो घेऊन आलेल्या माणसाचं तोंड पाहून पैसे मोजत असे. धन्याला, म्हणजे हुंडीच्या मालकाला, द्यायची ती धनीजोग. समोर धरताच द्यायची ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायची ती मुदती. जोखमी हुंडी मला सगळ्यात आवडते. माल सुखरूप पोचला तर पैसे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली! उधारी आणि विमा दोन्ही एकाच चिठोऱ्यात.

हा शाह इराणच्या बादशहाचा कुणी नव्हे. संस्कृत 'साधु', त्यापासून प्राकृत 'साहु', आणि त्यातूनच साव, शाह, साहुकार, सावकार. नरसी मेहतांनी द्वारकेच्या ज्या शामळशा शेठवर हुंडी लिहिल्याची कथा आहे, त्याच्या नावातला 'शा'ही हाच. मराठीत 'साव' आता जवळपास 'सावाचा आव आणणे' एवढ्यातच उरला आहे, म्हणजे सज्जनपणाचं ढोंग करण्यापुरता. सावकाराची गत तर त्याहून वाईट. ती का झाली, हे पुणे जिल्ह्याला विचारावं. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा झाला. शेतकऱ्यांचा राग मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, पण त्यांनी मुख्यतः मागितले आणि जाळले ते कागद: खतं, वह्या, कर्जरोखे. त्यानंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. शाह शाहाला लिहून देत होता तेव्हा दोघांनाही वाचता येत होतं. खतावर अंगठा उठवणाऱ्या कुणब्याला ते येत नव्हतं. तिथे निमे-दुणे कितीदा लिहिलं तरी त्याच्या काय कामाचं? त्यामुळे व्यापारी वारशाचं निव्वळ कौतुक चालतं तेव्हा मला सुपं आठवतं. आणि 'मारवाडी' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांसमोर शाहजोग हुंडी ठेवावीशी वाटते.

वाचकांच्या हुंडीवर सही 'अमुकचंद तमुकदास' अशी जोडनावाची आहे. तीही एका माणसाची धरू नका. ते बहुधा पेढीचं नाव. रामगढच्या पोद्दारांची 'ताराचंद घनश्यामदास', बिकानेर-नागपूरच्या डागांची 'बन्सीलाल अबीरचंद' ही याची मोठी उदाहरणं. माणूस जातो, नावाची पत चालू राहते, म्हणून नाव बदलत नाहीत. पुण्याजवळचंच उदाहरण हवं तर आकुर्डीच्या बजाज ऑटोचं घ्या. १९४५ साली ही कंपनी निघाली ती बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने. बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ. सीकरकडच्या काशी का बास या गावातल्या जमनालालना त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं होतं.

हुंडीचे बरेच शब्द आपल्याकडे मुक्कामाला राहिले आहेत. चेक 'वटतो', तो हुंडी वटायची म्हणून. वटाव आणि वटणावळ वाण्याच्या तोंडून अजून ऐकू येतात. 'हुंडणावळ' म्हणजे हुंडी करून देण्याचा आकार. रुपया-पौंडाच्या विनिमय दरालाही मराठी वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं हुंडणावळच म्हणत. आता तो शब्द अर्थशास्त्राच्या जुन्या क्रमिक पुस्तकात भेटला तर भेटला.

पुणेकराला गोंधळात पाडणारा शब्द म्हणजे 'पेठ'. हुंडी वाटेत गहाळ झाली की तिच्या बदली लिहितात ती पेठ, तीही हरवली तर परपेठ. तेव्हा जुन्या पत्रात 'पेठ पाठवली' दिसलं तर शनिवार-नारायण शोधत बसू नका. आणि पैसे चुकते होऊन निकाली निघालेल्या हुंडीला म्हणतात 'खोका'. (महाराष्ट्रात हल्ली हा शब्द जपून वापरावा लागतो, त्याला माझा इलाज नाही.) १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स, म्हणजे चेक-हुंड्यांसारख्या कागदांच्या) कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात शाबूत ठेवले, त्यामुळे हे शब्द पुढे कोर्टातही घासले गेले.

कागद उलटून पाहा. पाठीवर पुष्कळदा रकमेचा चौथा हिस्सा लिहितात, 'सव्वाशेचे चौपट' अशा थाटात. आणि मिती वाचताना सांभाळा. मारवाड्यांचे महिने पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे, आपले अमान्त, म्हणजे अमावस्येला संपणारे. सुदीला अडचण नाही, पण त्यांची कार्तिक वदी म्हणजे आपली आश्विन वद्य, म्हणूनच लक्ष्मीपूजनाची अमावस्या आपल्याकडे आश्विनात आणि त्यांच्याकडे कार्तिकात. विक्रम संवतातून ५७ वजा करा म्हणजे इसवी सन मिळेल. जानेवारी ते चैत्र सुदीच्या आधीपर्यंतची मिती असेल तर ५६.