पिशवी काढली, मग आता ब्लॉक कशाला?

प्रश्न : आईची (वय ५२) गर्भपिशवी महिन्यापूर्वी कोल्हापुरात काढली. सोनोग्राफीत फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची साधी गाठ) म्हणाले होते. आता रिपोर्टात 'एंडोमेट्रियल स्ट्रोमल ट्यूमर (पिशवीच्या अस्तराच्या पेशींची गाठ), आयएचसी (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी) करावी' असं आलंय आणि ब्लॉक (पिशवीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे) घेऊन परळला टाटात जा म्हणतात. आधी क्युरेटिंग (पिशवीचं अस्तर खरवडून तपासणं) केलं, तेव्हा हे का नाही सापडलं? – एक वाचक, कागल

उत्तर : ताई, क्युरेटिंगवर राग काढू नका. या गाठीच्या पेशी पिशवीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींसारख्याच दिसतात, आणि खरवडून आलेल्या कपच्यांत गाठीची कड नसते. सगळा निवाडा त्या कडेवर. कड गोल, स्वच्छ असली तर ती निरुपद्रवी गाठ. तिची बोटं शेजारच्या स्नायूत तीन मिलिमीटर किंवा जास्त घुसली, तीन किंवा जास्त ठिकाणी घुसली किंवा रक्तवाहिनीत शिरली, तर तो सार्कोमा, म्हणजे कॅन्सर. म्हणून अख्खी पिशवी लागते.

फायब्रॉइड कापला की ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, घट्ट, सुरीखाली फुगून वर येतो. ही गाठ मऊ, पिवळसर. कधी स्नायूतल्या नळ्यांत शेवयांसारखे तुकडे दिसतात. मला असं काही दिसलं की त्या दिवशीचा चहा गार होतो.

आयएचसी यासाठी, की पेशींनी गच्च भरलेला फायब्रॉइडही सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब असाच दिसतो. सीडी-१० हे प्रथिन दोन्हींत रंगू शकतं, म्हणून जोडीला डेस्मिन आणि काल्डेस्मॉन ही स्नायूची प्रथिनं लावतात. ही दोन्ही ठळक रंगली तर कौल स्नायूच्या, म्हणजे फायब्रॉइडच्या बाजूला. तरी उलगडा झाला नाही, तर ७ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल शोधायची. ती सगळ्याच रुग्णांत सापडते असं नाही.

हे रंग नीट उठायला पिशवी वेळेत फॉर्मलीनमध्ये (पेशी सडू न देणाऱ्या द्रावणात) बुडायला हवी. गेल्या मे महिन्यात एका दवाखान्यातून माझ्याकडे लोणच्याच्या बरणीत कोंबलेली पिशवी आली, तळाला बोटभर फॉर्मलीन. आकाराच्या दहापट हवं! मधला भाग सडलेला. त्यात काय मोजणार, कपाळ?

तुमच्या आईचे ब्लॉक मेणाचे आहेत, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. स्लाइड्स आणि मूळ रिपोर्ट सोबत न्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टाशी ताडून घ्या. काम झालं की ब्लॉक मागून परत आणा आणि जपून ठेवा. सौम्य प्रकारचा सार्कोमा निघाला, तर तो कधीकधी कित्येक वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेव्हा हेच ब्लॉक ताडून बघावे लागतात.