पीसीपी (आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल टाकीला नळीने जोडून चालवायची तर टाकीचा दाब उतरवणारा रेग्युलेटर कोणता घ्यावा? वेल्डिंगचा चालेल का? आणि तो कुठल्या दाबावर ठेवायचा?

वेल्डिंगचा चालणार नाही. हा वाद आमच्या घरात गेली कित्येक वर्षं दर गणपतीत आरतीनंतर निघतो, म्हणून आधी तेवढं सांगून मोकळा होतो.

ऑक्सिजनच्या वेल्डिंग रेग्युलेटरमधून जेमतेम १० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) बाहेर येतात. स्कूबावाल्यांच्या टाकीवरचा रेग्युलेटर, म्हणजे फर्स्ट स्टेज, तीही तिथेच थांबते. पेंटबॉलच्या बाटलीवरचा साधारण ८०० पीएसआय, म्हणजे ५५ बार देतो. तुमच्या रायफलीला बहुतेक शंभराच्या वर लागणार. तेव्हा हे तिन्ही बाद. आणि रेग्युलेटर जाऊ द्या, ऑक्सिजनचं सिलिंडरच या कामाला आणायचं नाही. बंदुकीच्या आत ओ-रिंगला लावलेलं ग्रीस असतं. त्यावर दाबाखालचा ऑक्सिजन आला की भडका उडतो.

मग उरतात दोनच प्रकार. एक, खास एअरगनच्या टेदरसाठी, म्हणजे बंदूक नळीने टाकीला बांधून चालवायला, बनवलेले. दुसरा, कारखान्यात हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन भरायला वापरतात ते जास्त दाबाचे. या दुसऱ्या प्रकारापाशी आमचे मेहुणे येतात.

मेहुण्यांचं इंदूरच्या सियागंजात गॅस आणि वेल्डिंगच्या सामानाचं दुकान. माझं काम पोलोग्राउंडच्या एका शेडमध्ये. तिथे १० मीटरची एक लेन आखून घेतली आहे, क्लबच्या पोरांच्या रायफली आणि छर्ऱ्यांचे डबे तपासायला. डबे तपासताना पहिल्या छर्ऱ्यापासून शेवटच्यापर्यंत वेग तोच राहायला हवा, नाहीतर छर्रा वाईट की हवा उतरली ते कळत नाही. म्हणून टेदर. हे मी त्यांना सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. हातात पिथमपूरच्या कुठल्याशा कारखान्यातून निघालेला पितळी नायट्रोजन रेग्युलेटर, टी-हँडलवाला, दीड किलोचा ऐवज. "घे, फुकट. रेग्युलेटर तो रेग्युलेटर. वायू काय नाव विचारून बाहेर येतो का?"

जावईमाणूस. तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. मी म्हटलं, भाऊजी, बंदूक नंतर, आधी हा एकटाच लावून बघू. नायट्रोजनच्या सिलिंडरवर चढवला, बाहेरच्या नळीचं तोंड प्लगने बंद केलं, टी-हँडल फिरवून १२० बारवर आणला. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. मग गेजच्या काचेवर काट्याच्या बरोबर वर मार्करने रेघ मारली आणि शटर ओढून घरी गेलो. सिलिंडर उघडाच ठेवला होता, तीच तर परीक्षा.

सकाळी मेहुण्यांना घेऊनच शटर उघडलं. काटा १४० वर.

"पत्रे तापले असतील," मेहुणे म्हणाले.

सकाळचे सात, शेड गार. तापमान उतरलं होतं, म्हणजे काटा रेघेच्या खाली यायला हवा होता. पण त्यांचं म्हणणं राहू नये म्हणून तिथेच पुठ्ठ्यावर हिशेब मांडून दाखवला: बंद नळीत दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. खोलीचं तापमान म्हणजे साधारण ३०० केल्विन. दहा अंशांनी तापलं तर १२० चे फार तर १२४ होतील. वीस बार चढायला पन्नास अंश वाढ हवी, तेवढ्या उष्णतेत आपणच शेडमध्ये टिकलो नसतो. मेहुण्यांनी पुठ्ठा पाहिला, चहा मागवला आणि आजतागायत सगळ्यांना सांगतात की साल्याने दिखाव्यासाठी महागाचा रेग्युलेटर घेतला.

झालं होतं काय, तर आतली सीट. नायलॉन किंवा टेफ्लॉनची ती इवलीशी चकती असते, तिच्यावर केसाएवढा चरा पडला की झडप पूर्ण मिटत नाही आणि टाकीतला दाब थेंब थेंब पुढे झिरपतो. याला क्रीप म्हणतात. बाहेर गळत नाही, म्हणून साबणाच्या पाण्याला दिसत नाही. कारखान्यात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे भरायचं काम झालं की सिलिंडर बंद करतात. आपली बंदूक म्हणजे बंद गल्ली. छर्रा घातला, नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. मधला सगळा वेळ रेग्युलेटर मिटून बसलेला असायला हवा. तेव्हा टेदरसाठी रेग्युलेटर बघायचा तो किती हवा सोडतो यावर नाही, किती घट्ट मिटतो यावर. हे एवढं मेहुण्यांना पटलेलं नाही, तुम्हाला पटलं तरी पुरे.

त्यामुळे "हाय फ्लो आहे साहेब" म्हणणाऱ्या विक्रेत्याला सरळ नाही म्हणा. ४.५ मिमीच्या रायफलीला एका छर्ऱ्यामागे पाव लिटरही मोकळी हवा लागत नाही. आणि झडप उघडते काही मिलिसेकंद; तेवढ्यात कुठलाच रेग्युलेटर नळीच्या दुसऱ्या टोकाहून धावून येत नाही. छर्रा ढकलते ती बंदुकीच्या सिलिंडरमध्ये आधीपासून बसलेली हवा. रेग्युलेटरला दोन छर्ऱ्यांच्या मधल्या वेळात तेवढी भर घालायची असते, ती बारीक मायक्रोबोअर नळीतूनही आरामात होते. जाड नळी घेऊन फक्त बंदुकीला लोंबतं वजन वाढतं. मोठ्या बोअरवाल्यांचं वेगळं, पण तुम्ही ते नसावेत.

खरेदी करताना दुकानदाराला वरचीच परीक्षा घ्यायला सांगा: दाब चढवा, तोंड बंद करा, रेघ मारा, रात्रभर ठेवून काटा बघा. तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान. ऑनलाइन आला तर घरी आल्या आल्या हेच करा, बंदूक जोडण्याआधी.

पुढचं पटापट. रेग्युलेटरच्या इनलेटवरचा आकडा टाकीच्या आकड्याइतका किंवा जास्त हवा. टाकी ३०० बारची आणि इनलेट २०० चा, हा प्रकार मी लोकांकडे पाहिलाय, पाहून मागे सरलोय. टाकीत आट्यांनी बसणारा डिन जोडच घ्या, शिकंज्यासारखा योक २३२ बारच्या वर चालत नाही. बाहेरच्या बाजूला सेफ्टी वॉल्व्ह किंवा बर्स्ट डिस्क (दाब फार झाला की फुटून वायू सोडणारी चकती) असलीच पाहिजे. सीट गेली तर टाकीचे ३०० बार सावकाश बंदुकीच्या २०० बारच्या सिलिंडरमध्ये शिरतील, आणि ते सिलिंडर तुमच्या तोंडाजवळच असतं. गेजवर फार श्रद्धा नको, त्या बोटभर डायलवर पाच बार इकडेतिकडे दिसतच नाहीत. सेटिंग क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, करा.

आता मेहुण्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं, नाहीतर बहीण बोलायची नाही. नायट्रोजन वापरायची त्यांची कल्पना उत्तम होती. कोरडा वायू, बंदुकीला पाण्याचा त्रास नाही, आणि ३०० बार भरून मिळायची इंदुरात बोंब असली तरी नायट्रोजन मिळतो. मोठं सिलिंडर ४७ लिटरचं, भरलेलं १५० बार, म्हणजे सुमारे ७ घनमीटर. १२० च्या सेटिंगला त्यातले वरचे ३० बारच उपयोगी, तरी तेच १४०० लिटर झाले. ६.८ लिटरची ३०० बारची टाकी १२० पर्यंत उतरवली तर सव्वाबाराशेच निघतात. आणि १५० च्या सिलिंडरवर सीट गेली तरी काटा १५० च्या वर जाणार कुठे? त्यामुळे त्यांच्या रेग्युलेटरने त्या सिलिंडरवर माणूस मेला नसता हे मला मान्य आहे. डबे तपासून झाले नसते, एवढंच. खोली मात्र हवेशीर ठेवा, बंद खोलीत नायट्रोजन गळला तर वासही येत नाही. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

आणखी एक, जे आधी सांगायला हवं होतं. दाब वाढवला की बहुतेक वेळा ताकदही वाढते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरच्या पुढे गेला की तुम्ही २० जूल ओलांडले. टी-हँडलचा अर्धा फेरा, आणि बिनपरवान्याची बंदूक परवान्याची झाली. पोलिसांना तुमचा क्रोनोग्राफ समजावत बसू नका.

कुठल्या दाबावर ठेवायचा, हे तुम्ही विचारलंत, पण बंदुकीत स्वतःचा रेग्युलेटर आहे की नाही ते लिहिलं नाहीत. असेल, तर बाहेरचा त्याच्यापेक्षा ४०-५० बार वर पण बंदुकीच्या सिलिंडरच्या मर्यादेच्या बराच खाली ठेवला की झालं, तिथे बारकाईची गरजच नाही. थोडा क्रीपही खपून जातो. नसेल, तर सगळी मदार बाहेरच्यावर, आणि क्रोनोग्राफवर खालून वर दहा-दहा बारने चढत जाऊन जिथे वेग वाढायचा थांबतो त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. फार वर नेलात तर हॅमरला (झडपेवर आदळून ती उघडणारा भाग) झडप उघडवतच नाही आणि वेग उलट पडतो. बंदुकीचं मॉडेल आणि तिच्या सिलिंडरवर छापलेला जास्तीत जास्त दाब कळवा, मग आकडा सांगतो.