आणखी एक बोअर घ्यावा का? खरिपाआधी आलेल्या चार प्रश्नांची उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

मे उजाडला की आमच्या कृषी कार्यालयात बियाण्याची आणि खताची चौकशी सुरू होते. यंदा मात्र येणाऱ्या प्रश्नांचा सूर वेगळा आहे. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत काढणीला आलेले सोयाबीन डोळ्यांदेखत गेले, नदीकाठच्या रानांतली माती खरडून गेली. तो धसका अजून मनातून गेलेला नाही. लातूर जिल्ह्यातून आलेल्या चार प्रश्नांना इथे उत्तरे देतो. इतरांच्या शंका बहुतेक याच आहेत.

"साहेब, आधी तीन-तीन आठवडे पाऊस दडी मारतो आणि नंतर एका रात्रीत रान तुंबतं. सोयाबीन सोडून द्यावं का?" (सात एकर कोरडवाहू, औसा तालुका)

दादा, सोयाबीन सोडायची गरज नाही. सपाट रानात पेरणे मात्र सोडावे लागेल.

गेल्या सप्टेंबरात पंचनाम्याला गेलो होतो. एकाच बांधाच्या दोन्ही अंगांना दोन भावांची राने. धाकट्याने नेहमीसारखी तिफणीने सपाट पेरणी केलेली. पाणी आठ दिवस हटले नाही, शेंगा काळ्या पडल्या आणि आतल्या दाण्याला कोंब फुटले. थोरल्याने बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या यंत्राने पेरले होते. त्याच्या सऱ्यांतून गढूळ पाणी चराकडे वाहत होते आणि वरंब्यावरून चालताना माझा पाय रुतत नव्हता. नुकसान त्याचेही झाले, पण त्याच्या खळ्यावर रास लागली. धाकट्याला मळणीयंत्र बोलवायची वेळच आली नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता.

रुंद वरंबा-सरी पद्धतीत वरंब्यावर चार ओळी बसतात आणि दोन्ही बाजूंना सरी पडते. जादा पाऊस झाला तर सरी पाणी बाहेर काढते. पावसात खंड पडला तर हीच सरी मुरवलेली ओल वरंब्यातल्या मुळांना पुरवते. बियाणेही एकरी ३० किलोऐवजी २२ किलोच्या आसपास पुरते. पेरणी उताराला आडवीच करा. उताराच्या दिशेने सरी काढली तर तीच माती वाहून नेणारी नाली होते. सरीचे तोंड कुठे निघते तेही पेरणीआधी रानात फिरून पाहा, नाहीतर तुमचे पाणी शेजाऱ्याच्या रानात जाऊन भांडण उभे राहील.

बीबीएफ मिळाले नाही म्हणून थांबू नका. तिफणीने चार ओळी पेरून पाचवी मोकळी सोडा. पीक तीन-चार आठवड्यांचे झाले की कोळप्याला दोरी गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी काढा. आपल्याकडे तिला मृत सरी म्हणतात. खर्च नाही म्हणण्याइतकाच आहे.

आणि घाई नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण रानात घालू नका. पहिल्या सरीला पेरून दुबार पेरणी करणाऱ्यांची संख्या दरवर्षी पाहतो आणि जीव तुटतो. सगळे रान सोयाबीनखाली घालण्याऐवजी सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्या. बदनापूरचा बीडीएन-७११ हा लवकर येणारा वाण आपल्याकडे चांगला बसतो. सोयाबीन पाण्यात गेले तरी तूर हाती राहण्याची आशा असते. ऐन फुलोऱ्यात पावसाचा खंड पडला तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घेऊन फवारा. पीक तगते.

"दोन बोअर आटले. कर्ज काढून तिसरा ५०० फूट घ्यावा म्हणतो. शेततळं करून त्या पाण्यानं भरून ठेवलं तर उसाला पुरेल का?" (तरुण शेतकरी, पाच एकर)

हे पत्र वाचून मला काळजी वाटली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि थोड्याफार भेगांत. खोल गेल्यावर एखादी भेग लागली तर पाणी उसळते, घरात पेढे वाटले जातात. पण ती भेग भरायला कित्येक पावसाळे लागलेले असतात आणि आपण ती दोन उन्हाळ्यांत रिकामी करतो. राज्याच्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे, त्यामागचे कारण हेच. तिसरा बोअर लागला तरी तो शेजारच्या विहिरीचे पाणी ओढेल आणि पुढल्या वर्षी शेजारी तुमच्यापेक्षा खोल जाईल. अशा शर्यतीत पैसा कमावतो तो बोअरचे मशीन चालवणारा.

आता शेततळे. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्याचा उघडा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये रोजचे बाष्पीभवन ८ मिलिमीटर धरले तरी दिवसाला सात हजार लिटर पाणी हवेत जाते. दोन महिन्यांत चार लाखांवर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज जाळून वर आणायचे आणि उन्हात वाळत घालायचे, हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरा. ते खंडाच्या काळात सोयाबीनला किंवा रब्बीत हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी द्यायला वापरा. त्या एका पाण्याने उत्पादन किती वाढते हे तुम्ही स्वतः पाहालच.

ऊस तुमच्या पाण्यावर होणार नाही. हे ऐकायला कडू आहे, पण कर्ज घेतल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

मग कर्जाऐवजी काय करावे? आधी विहिरीचे पुनर्भरण करा. शेतातून वाहणारे पाणी पहिल्या खड्ड्यात थांबवून गाळ बसू द्या. दुसऱ्या खड्ड्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू भरा आणि तळातून पाइप काढून पाणी विहिरीत सोडा. हंगामातले पहिले एक-दोन पाऊस आणि फवारणीनंतरचे पाणी आत घेऊ नका. गोठ्याकडचे तर कधीच नको. वाळूचा वरचा थर दरवर्षी बदला. दर उन्हाळ्यात तो बदलायचा कंटाळा केला की पुनर्भरण बंद पडते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

"झाडं, पर्यावरण हे पोट भरलेल्या लोकांचं बोलणं आहे. आम्हाला भाव द्या, बाकी आम्ही बघू." (मेळाव्यात विचारलेला प्रश्न)

भावाची मागणी रास्त आहे आणि ती तुम्ही लावून धरलीच पाहिजे. पण भाव मिळायला माल लागतो, आणि माल यायला माती आणि पाणी.

एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी शेतात पिकले नाही, म्हणून अडतीवर पोती आली नाहीत. पोती नाहीत म्हणून हमालाला काम नाही, डाळमिलला तूर नाही, आणि ज्या दुकानातून आपण पोरांना कपडे घेतो त्या दुकानात गिऱ्हाईक नाही. लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तुरीवर उभी आहे. शिवारातली ओल गेली की शहरातल्या गंजगोलाईच्या बाजारापर्यंत मंदी पोहोचते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, ऊस-केळी टाळली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कुठले पीक किती घ्यायचे ते ठरते. ते गावही अवर्षणप्रवण पट्ट्यातच आहे. कामासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे तिथे परत आली. झाडे, चर, बांध हे त्या गावाच्या कमाईचे भांडवल झाले.

आपला जिल्हा वनक्षेत्रात राज्याच्या तळाशी आहे. म्हणून मी बांधावरच्या प्रत्येक बाभळीसाठी भांडतो. बांध कोरून पिकाच्या दोन ओळी वाढवल्या तर फार तर पोतेभर माल जास्त येतो, पण तो बांध फुटला की सुपीक मातीचा थर जातो. गेल्या सप्टेंबरात जिथे बांध रुंद आणि गवताने धरलेले होते, तिथली माती बऱ्याच अंशी जागेवर राहिली. मी हे चिखलातून चालत पाहिले आहे.

"उसाचं पाचट आणि सोयाबीनची गुळी जाळू नका म्हणता, पण मग करायचं काय? आमच्या गटाला त्यातून काही काम मिळेल का?" (महिला बचत गटातील ताई)

ताई, काम नक्की मिळेल. खोडव्यातले, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसातले पाचट सरीत दाबा. एक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाका आणि पाणी द्या. तीन-चार महिन्यांनी पाचट बाजूला करून खुरप्याने माती उकरून पाहा. ती काळी, भुसभुशीत असेल आणि गांडुळे हाताला लागतील.

गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जनावरांना घालून उरत असेल तर शेणात मिसळून गांडूळ खताचे बेड भरा. सुरुवात दोनच बेडांनी करा आणि पहिले खत स्वतःच्या रानात वापरा. गिऱ्हाईक शेजारचे रान पाहून येते.

गटासाठी याच महिन्यातले एक काम आहे. गावात घरचे सोयाबीन बियाणे ज्यांनी ठेवले आहे, त्यांची उगवण चाचणी करून द्या. गेल्या वर्षीचा बराच माल भिजलेला आहे, त्यामुळे यंदा ती टाळून चालणार नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त असतील तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. ६० ते ७० असतील तर त्या हिशेबाने बियाणे वाढवा. त्याहून कमी असतील तर ते बियाणे पेरू नका. मोजणीचे आकडे शेतकऱ्याचे नाव आणि जमिनीच्या गट क्रमांकासह वहीत लिहून ठेवा. पेरणीआधी गावात येईन तेव्हा ती वही मला दाखवा, बीजप्रक्रिया आपण तिथेच करू.