फुटताना त्यांनी काय लिहिलं, ते आधी वाच

प्रिय पोरी,

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काल रात्री वाचलं आणि झोपच उडाली. मिसिसिपी राज्य अमेरिकेच्या संघराज्यातून का फुटलं, तर म्हणे राज्यांचे हक्क, आयात मालावरची जकात, शेतीप्रधान जीवन, उत्तरेचा दुजाभाव. आणि गुलामगिरी पाचव्या नंबरवर! सोबत लिहिलंस, ‘सर म्हणतात कुणाची बाजू घेऊ नकोस, मग मी काय करू?’ तुझी कुचंबणा कळते गं. पण फुटताना त्यांनी स्वतः काय लिहिलं, ते आधी वाच.

९ जानेवारी १८६१ ला मिसिसिपीच्या अधिवेशनाने ८४ विरुद्ध १५ मतांनी ठराव केला आणि कारणांचा जाहीरनामाही काढला. शोधाशोध करावी लागत नाही. दुसऱ्याच वाक्यात ते सांगतात की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. पुढे म्हणतात, एक तर मानहानी सोसून ४ अब्जांच्या मालमत्तेवर पाणी सोडायचं, नाहीतर बाहेर पडायचं. ती मालमत्ता म्हणजे माणसं. १८६० च्या जनगणनेत तिथल्या ७,९१,३०५ लोकांपैकी ४,३६,६३१ गुलाम होते. जकातीचा त्या जाहीरनाम्यात उल्लेखसुद्धा नाही.

आणि राज्यांचे हक्क? मिसिसिपीच्याही आधी फुटलेल्या साउथ कॅरोलायना राज्याचा जाहीरनामा काढ. तक्रार काय, तर उत्तरेकडची, गुलामगिरी नसलेली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत आणि न्यूयॉर्क तर गुलामांना घेऊन नुसतं आपल्या हद्दीतून जाऊही देत नाही. न्यूयॉर्कने आपला हक्क बजावला, याचाच राग! नुकताच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला लिंकन तर जिथे गुलामगिरी होती तिथून ती उपटायला निघालाच नव्हता. नव्या प्रदेशांत ती पसरू द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तेवढंही यांना सोसवलं नाही.

नंतरच्या सारवासारवीला भुलू नकोस. फुटलेल्या राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जाहीरपणे म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. या फुटीतून पेटलेलं यादवी युद्ध हरल्यावर त्याच माणसाने दोन जाडजूड खंड लिहून भांडण घटनेच्या अर्थाचं ठरवलं. म्हणून सांगते, फुटतानाचं वाच. हरल्यानंतरचं नंतर.

एका पाठ्यपुस्तक समितीवर असताना मी हेच म्हणाले होते. ‘दोन्ही बाजू येऊ द्या’ असं उत्तर मिळालं. मी माझं नाव काढून घेतलं. हेकट म्हणाले मला, म्हणोत. खंत एवढीच की धडा जुन्याच वाक्यांसह छापला गेला आणि पोरं तेच घोकत राहिली. पण त्यावर सही केली असती तर आज तुला हे कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना जे स्वच्छ दिसलं, ते हातात कागद असताना तुला दिसू नये?

ज्यांच्याकडे एकही गुलाम नव्हता ते गोरे शेतकरी का लढले, हा तुझा प्रश्न मात्र फार चांगला आहे. त्याला वेगळं प्रकरण दे. हे तिसरं मोडून पुन्हा लिही आणि जाहीरनाम्यातले उतारे जसेच्या तसे घाल. सरांनी हरकत घेतली, तर तोच कागद त्यांच्यापुढे ठेव. नव्या खर्ड्याची वाट बघते.

तुझी,
मॅडम