सॉकेट पुन्हा उघडायला लावणार नाही, असा बोर्ड घ्या

तुमची अडचण वाचली. बी६५० मदरबोर्डावरचा रॅमचा एक चॅनेल (रॅम प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गांपैकी एक) बंद पडला, सर्व्हिस सेंटरने, प्रोसेसर बसतो त्या ‘सॉकेटच्या पिना वाकलेल्या आहेत, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा मारून बोर्ड जसाच्या तसा परत पाठवला आणि आता हाताशी असलेल्या रायझन ७ ७७०० या एएमडीच्या प्रोसेसरसाठी १५ ते १८ हजारांत दुसरा कोणता बोर्ड घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. हाच शेरा माझ्याही बोर्डावर बसला होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कॅबिनेटचे माप, एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) क्षमता वगैरे तुम्ही पाहिलेच असेल, असे धरून चालतो.

एएमडीच्या एएम४ या सॉकेटपर्यंत पिना प्रोसेसरच्या पोटाला असत. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये त्या मदरबोर्डावर आल्या. केसासारख्या बारीक, तब्बल १७१८. त्यामुळे पिन वाकली की नुकसान बोर्डाच्या नावावर जाते आणि वॉरंटी नाकारायला सर्वांत सोपे कारण तेच ठरते. माझ्या बोर्डाचा नेटवर्क पोर्ट बंद पडला होता. सॉकेटशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. काउंटरवरच्या माणसाने बोर्ड खोक्यातून अर्धवट बाहेर काढला, सॉकेटवरचे काळे झाकण उचलूनही पाहिले नाही, जॉबशीटवर सिरियल नंबर आणि ‘लॅन चालत नाही’ एवढेच लिहून शिक्का मारला. काही आठवड्यांनी कोपऱ्यातल्या एका वाकलेल्या पिनेचा फोटो आला. दुकानदार म्हणाला कंपनीशी बोला, कंपनीने वितरकाकडे बोट दाखवले, वितरकाने ‘सेंटरचा अहवाल अंतिम’ म्हणून फोन ठेवला. बोर्ड त्यांच्या ताब्यात गेला तेव्हा पिना सरळ होत्या, हे तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. पण स्वीकारताना तपासणी करायची नाही आणि नाकारताना मात्र भिंगातून पाहायचे, या पद्धतीपुढे ग्राहकाचे काही चालत नाही. बोर्डाची पूर्ण किंमत त्यात गेली.

म्हणून यापुढे कोणताही बोर्ड दुरुस्तीला देताना सॉकेटचे वरून आणि तिरप्या उजेडात, सिरियल नंबरच्या चिकटपट्टीसह फोटो काढा, झाकण त्यांच्यासमोर उघडायला लावा आणि ‘पिना सुस्थितीत’ असे जॉबशीटवर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर बोर्ड त्यांच्या हवाली करू नका. नव्या बोर्डासोबत येणारे प्लास्टिकचे झाकण फेकू नका; ते नसेल तर कित्येक ठिकाणी बोर्ड स्वीकारतच नाहीत. तुमच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी, असे माझे मत आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही. मात्र मी वकील नाही, पुढचे पाऊल जाणकाराला विचारूनच टाका.

आता निवडीबद्दल. माझे ठाम मत असे, की या किमतीत चिपसेटवर (बी६५०, बी८५० ही बोर्डावरच्या मुख्य जोडणी-चिपची नावे) डोके खर्च करण्यापेक्षा सॉकेट पुन्हा उघडण्याची वेळ येऊ न देणारा बोर्ड घ्यावा. एएम५ वर पहिल्यांदा संगणक सुरू केला की डीडीआर५ रॅमची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहतो. पंखे फिरतात, चित्र येत नाही. माणूस घाबरून प्रोसेसर काढतो, पुन्हा बसवतो, आणि पिना वाकतात त्या याच धांदलीत. बोर्डाच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि बूट असे चार छोटे दिवे असले, तर रॅमचा दिवा जळताना पाहून निवांत थांबता येते. दुसरी अट बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) प्रोसेसरच्या मदतीशिवाय बदलण्याच्या सोयीची. पेन ड्राइव्हवर बायोसची फाइल कंपनीने सांगितलेल्या नावाने ठेवायची, मागचे बटण दाबायचे आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज बंद करायची नाही. पुढेमागे ९००० मालिकेतला प्रोसेसर घेतलात आणि बोर्डाचा बायोस जुना निघाला, तरी त्यासाठी जुना प्रोसेसर पुन्हा सॉकेटात बसवावा लागत नाही. या दोन सोयी असलेला बी६५० मला त्या नसलेल्या बी८५० पेक्षा केव्हाही जास्त मोलाचा वाटतो. बी८५० मध्ये एम.२ साठी (एसएसडीच्या खाचेसाठी) पीसीआयई ५.० ही वेगवान जोडणी मिळते खरे, पण तितक्या वेगाची एसएसडी तुम्ही घेणार नसाल तर त्यासाठी जादा पैसे कशाला? बी८४० मात्र नावातल्या साधर्म्यामुळे गळ्यात मारला जातो. त्यात प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) नाही आणि चिपसेटच्या लेन (डेटाचे मार्ग) जुन्या, संथ पीसीआयई ३.० च्या आहेत. त्यापासून दूर राहा.

‘चौदा फेज, सोळा फेज’ (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या टप्प्यांची संख्या) या जाहिरातीला भुलू नका. ७७०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) नीट हीटसिंक असलेला साधा बोर्डही तो आरामात चालवतो. रॅमच्या दोनच पट्ट्या घ्या. चार पट्ट्या भरल्या की ७००० मालिकेच्या प्रोसेसरवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो, त्यामुळे चार खाचांसाठी जास्त पैसे मोजण्यात तुमचा फायदा नाही. खरेदी जीएसटी बिलावरच करा, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी कोणता वितरक देतो ते दुकानदाराला आधी विचारा. हजार-दीड हजार स्वस्त मिळणाऱ्या समांतर आयातीच्या (अधिकृत वितरकाला वगळून आणलेल्या) बोर्डाला इथे कोणी वाली नसतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. माझ्या बाबतीत पोर्ट आणि पिना यांचा संबंध नव्हता, पण रॅमचा एक चॅनेल न दिसणे हे वाकलेल्या पिनेचे नेहमीचे लक्षण आहे, त्यामुळे तुमच्या बोर्डावर तो शेरा खराही असू शकतो. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले तरी चॅनेल असा गायब होतो. तेवढे आधी सैल करून पाहा. फरक पडला नाही, तर नवा बोर्ड मागवण्यापूर्वी हा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या चिप-लेव्हल (बोर्डावरचे सुटे भाग दुरुस्त करण्याची) दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि मायक्रोस्कोपखाली पिना तुमच्यासमोर दाखवायला सांगा. एकदोनच वाकल्या असतील तर सरळ होऊ शकतात. मात्र वॉरंटीची तक्रार पुढे न्यायची असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत बोर्डाला कोणाला हात लावू देऊ नका.