तळ उकरणारी कॅमेलिऑन

प्रश्न : आमची येमेनी कॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) मादी ९ महिन्यांची आहे. चार दिवसांपासून फांद्या सोडून तळाशी फिरते, जाळी ओरबाडते, नाकतोडे समोर धरले तरी तोंड फिरवते. नर तर कधी जवळही आलेला नाही. आजारी आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुधा अंडी घालायला जागा शोधते आहे. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं येत नाहीत. आजच पिंजऱ्यात ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि तितकीच खोल बादली ठेवा. धुतलेली वाळू आणि खत नसलेली माती ओलसर करून भरा. मुठीत दाबली की गोळा टिकला पाहिजे, पाणी गळता कामा नये. माती कोरडी असेल तर बोगदा ढासळतो आणि ती खोदणं सोडून देते. पिंजऱ्याला चादर लावा. कोणी डोकावलं तरी ती थांबते, म्हणून घरातल्या मुलांनाही नीट समजावा.

दिवसा डोळे मिटू लागली, फांदीवरची पकड सुटली किंवा खोदूनही अंडी आली नाहीत, तर अंडी अडकली असू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या, यात जीव जातो.

पुढे भरमसाट खाऊ घालू नका, त्याने अंडी वाढतात. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरा आणि यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील किरण देणारा) दिवा लावा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याची जागा घेत नाही, कारण काच ते किरण अडवते. पाणी वाटीत नको, पानांवर थेंब थेंब पडू द्या.