उद्यानाला लागून असलेली खासगी जमीन लोकवर्गणीतून विकत घेऊन वाचवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला चिकटलेला रानाचा तुकडा खासगी मालक विकायला काढतो, तेव्हा सामान्य लोकांनी पैसे जमवून तो घेता येतो का, की हा भाबडेपणा आहे? आणि पैसे घातले तर त्या जमिनीला आपलं नाव लागतं का?

घेता येतो, बऱ्याचदा घेतलाही गेलाय. मी वकील नाही. अशा मोहिमांना अधूनमधून पैसे देतो, आणि एकदा हात पोळल्यापासून पैसे देण्याआधी व्यवहाराचे कागद मागून वाचायची सवय लागली आहे. त्या वाचनातून पटलेली एक गोष्ट आधीच सांगतो: भावनिक आवाहन करून पैसे उभे राहतात, पण जमीन हातात येते ती आवाहनाच्या आधी मालकाशी झालेल्या करारामुळे. मोहिमा बुडतात त्या बहुतेक तिथेच.

पण सुरुवात जिंकलेल्या मोहिमेपासून करू. न्यूझीलंडमध्ये एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आवारोआ नावाचा किनारा आहे. साधारण ८०० मीटर पिवळी वाळू, मागे थोडी झाडी, एकूण सात हेक्टरच्या आसपास. चहूकडे उद्यान आणि मधला हा तुकडा खासगी. २०१५च्या अखेरीस तो विक्रीला असल्याचं कळल्यावर क्राइस्टचर्चच्या, एकमेकांचे मेहुणे लागणाऱ्या दोघांनी नाताळच्या दिवशी गप्पा मारता मारता ठरवलं की आपण सगळ्यांनी मिळून हा घेऊ. जानेवारी २०१६मध्ये ऑनलाइन वर्गणी सुरू झाली. काही आठवड्यांत सुमारे ४० हजार लोकांनी मिळून २२ लाखांहून जास्त न्यूझीलंड डॉलर देऊ केले. सरकारने साडेतीन लाख घातले. जुलै २०१६मध्ये किनारा राष्ट्रीय उद्यानात सामील झाला.

गोष्ट गोड आहे म्हणून सगळे तीच सांगतात. मला तिच्यातला अडचणीचा भाग जास्त आवडतो. विक्री टेंडरने होती, म्हणजे बंद लिफाफ्याने. आणि या खरेदीदाराच्या लिफाफ्यात साधारण किती असणार, ते वेबसाइटवर साऱ्या जगाला दिसत होतं! मालकाला, प्रतिस्पर्ध्याला, कुणालाही. आपण घर घ्यायला निघालो आणि खिशातली रक्कम कपाळावर लिहून गेलो, तसंच हे. त्यात गॅरेथ मॉर्गन या धनिक अर्थतज्ज्ञांनी तयारी दाखवली की कमी पडतील ते पैसे मी भरतो, मात्र किनाऱ्याचा काही भाग माझ्या कुटुंबाला वापरायला मिळावा. मोहिमेने नम्रपणे नको म्हटलं. तो होकार असता तर पैसे लगेच पुरे झाले असते, पण ‘हा किनारा सगळ्यांचा’ म्हणून ज्यांनी दहा-वीस डॉलर दिले होते त्यांना काय तोंड दाखवायचं? लोकवर्गणीचा हा पेच सगळीकडे सारखाच. उघडपणे मागितल्याशिवाय पैसे येत नाहीत आणि उघडपणे मागितलं की घासाघीस करता येत नाही.

याच्या अगदी उलट वाटेनेही जमीन घेतली गेली आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात ग्रँड टिटन पर्वतांच्या पायथ्याचं खोरं वाचवायचं होतं. तेलाच्या धंद्यात गडगंज झालेल्या घराण्यातले जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या पैशातून १९२७मध्ये ‘स्नेक रिव्हर लँड कंपनी’ स्थापन झाली आणि तिने शेतकऱ्यांकडून साधारण ३५ हजार एकर जमीन सुमारे १४ लाख डॉलरला घेतली. कंपनीमागे कोण आहे ते गुप्त ठेवलं होतं, कारण रॉकफेलर हे नाव कानावर पडलं की भाव तिप्पट झाला असता. भाव राहिला, पण १९३०मध्ये बिंग फुटल्यावर खोऱ्यातले लोक जे बिथरले ते पुढची वीस वर्षं. सिनेटपर्यंत चौकशी गेली. १९४३मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तिथे ‘राष्ट्रीय स्मारक’ (म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राखीव केलेली सरकारी जमीन) जाहीर केल्यावर पशुपालकांनी निषेध म्हणून बेकायदा गुरं हाकत नेली, आणि त्यात वॉलेस बीअरी नावाचा सिनेनट बंदूक घेऊन पुढे होता. (बातमीत कसं यायचं हे त्या काळीही लोकांना कळत होतं.) शेवटी १९५०मध्ये ती जमीन ग्रँड टिटन राष्ट्रीय उद्यानात आली, तीही एका तडजोडीनंतर: इथून पुढे वायोमिंगमध्ये संसदेच्या संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षांनी असं स्मारक जाहीर करायचं नाही. गुपचूप घेतलेली जमीन स्वस्त पडली, पण तिची उरलेली किंमत राजकारणात चुकवावी लागली. त्यामुळे उघड वर्गणीचा भाव चढा असला तरी मी तिच्याच बाजूने आहे.

मग उघड मागायचं आणि मालकाच्या मर्जीवरही राहायचं नाही, हे कसं जमवतात? आधी विसार देऊन. मोहीम जाहीर करण्यापूर्वी संस्था मालकाशी करार करते: अमुक किमतीला, अमुक तारखेपर्यंत, ही जमीन फक्त आम्हालाच विकायची. त्यासाठी थोडी रक्कम आधी द्यायची. मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत तर बहुतेक करारांत तेवढी रक्कम गेली, पण मुदत संपेपर्यंत किंमत मात्र गोठलेली राहते. मग खुशाल जगाला सांगा, मालक भाव वाढवू शकत नाही. वर्गणीच्या पानावर जी शेवटची तारीख दिसते, ती पुष्कळदा या कराराची असते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या बीसी पार्क्स फाउंडेशनने २०१९मध्ये प्रिन्सेस लुइसा खाडीभोवतालची सुमारे ८०० हेक्टर जमीन घेण्यासाठी ३० लाख डॉलर जमवले, तेही तीन महिन्यांत. खाडीच्या टोकाला आधीच प्रांताचं सागरी उद्यान होतं, आजूबाजूचे उतार मात्र खासगी होते. बोलीच्या लढाईत न उतरता ठरलेला आकडा ठरलेल्या दिवसापर्यंत गाठायचा असेल, तर सामान्य माणसाच्या वर्गणीला अर्थ येतो.

दुसरा उपाय म्हणजे आधी कर्ज काढून घ्यायची आणि नंतर वर्गणीतून फेडायची. हा जुना आहे. अमेरिकेतल्या ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेचा पहिला जमीन-व्यवहार म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या मायानस नदीच्या घळीतली ६० एकर. संस्थेने १९५५मध्ये त्यासाठी साडेसात हजार डॉलर दिले, पण दान म्हणून नाही. स्थानिकांनी ते फेडायचे आणि परत आलेला पैसा पुढच्या जमिनीला वापरायचा. ती घळ वाचवणाऱ्या काही जणांनी स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण टाकल्या होत्या. तोच फिरता पैसा पुढे त्या संस्थेच्या कामाचा कणा झाला.

आता माझा हात कुठे पोळला ते सांगतो. एका मोहिमेला मी बऱ्यापैकी रक्कम दिली. फोटो सुंदर, व्हिडिओत पहाटेचं धुकं, नदी, सगळं. मालकाशी करार झालाय का हे मी विचारलं नाही, आणि तो झालेला नव्हता. पैसे जमत असतानाच मालकाने जमीन दुसऱ्याला विकली. आमचे पैसे? पावतीवर बारीक अक्षरात होतं की उद्दिष्ट साध्य न झाल्यास रक्कम संस्थेच्या इतर कामांसाठी वापरली जाईल. ती वापरली गेली असेलही. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण मी वाचलं नव्हतं. पण तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारतो: करार आहे का, कधीपर्यंत, आणि व्यवहार फसला तर माझे पैसे परत की दुसरीकडे?

सरकार असताना लोकांनी पैसे का द्यायचे, असंही तुम्ही विचाराल. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर पुन्हा ग्रँड टिटनमध्येच आहे. तिथे केली नावाच्या वस्तीजवळ उद्यानाच्या हद्दीत ६४० एकरांचा एक चौकोन वायोमिंग राज्याच्या मालकीचा होता. राज्याला अशा जमिनी शाळांना उत्पन्न मिळावं म्हणून मिळाल्या आहेत; म्हणजे राज्य विश्वस्त आहे आणि त्याने त्यातून पैसा काढला पाहिजे. निसर्ग आवडतो म्हणून स्वस्तात द्यायची मुभा नाही. २०२३मध्ये ८ कोटी डॉलरपासून बोली सुरू करून लिलाव करायचा प्रस्ताव आला आणि लोक खडबडून जागे झाले, कारण तिथून प्राँगहॉर्न नावाचे, काळविटासारखे दिसणारे प्राणी दरवर्षी स्थलांतर करतात आणि लिलावात ती एखाद्या बंगलेवाल्याला गेली असती. राज्याने अखेर उद्यानाला विकायची तयारी दाखवली, पण १० कोटीला. केंद्राकडे पैसा होता: समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून चालणारा १९६४ पासूनचा ‘लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड’. मात्र सरकारी खरेदी सरकारी मूल्यांकनाला बांधलेली असते, आणि मूल्यांकन होतं ६ कोटी २४ लाख. मधले ३ कोटी ७६ लाख कोण देणार? ते ग्रँड टिटन नॅशनल पार्क फाउंडेशनने देणगीदारांकडून उभे केले आणि डिसेंबर २०२४मध्ये व्यवहार पुरा झाला. याच उद्यानात २०१६मध्ये अँटिलोप फ्लॅट्स नावाचा तेवढाच, ६४० एकरांचा तुकडा ४ कोटी ६० लाखांना घेतला होता, तेव्हा निम्मे पैसे देणग्यांचे होते.

म्हणजे वर्गणीचं खरं काम बहुतेकदा पूर्ण किंमत भरणं हे नसतंच. नियमाला जिथे हात पोचत नाही तिथली फट ती बुजवते. आणि वेळ विकत घेते, कारण सरकारी मंजुरीला वर्षं लागतात आणि मालकाला तेवढा धीर नसतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो चुकीचा नाही. आठ वर्षांत त्याच आकाराच्या चौकोनाची किंमत दुपटीपेक्षा जास्त झाली. पुढचा मालक म्हणेल, बंगल्यांचा नकाशा काढून दाखवला की लोक घाबरून पैसे देतात, मग आपणही काढू. माझ्याकडे याला पक्कं उत्तर नाही. म्हणून स्वतंत्र मूल्यांकनापेक्षा किती जास्त देतोय हे जी संस्था सांगत नाही, तिला मी देत नाही.

कमी पैशात काम भागवायचा मार्गही आहे आणि तो दुर्लक्षित राहतो. जमीन न घेता तिच्यावर बांधकाम करायचा, तुकडे पाडायचा हक्क तेवढा विकत किंवा दानात घ्यायचा. जमीन मालकाकडेच, गुरं चारू दे, विकू दे, पण अट खरेदीखताला कायमची चिकटते आणि पुढच्या मालकावरही बंधनकारक राहते. किंमत कमी पडते, आणि राहते घरदार सोडायला न लागल्यामुळे आसपासचे लोकही चिडत नाहीत. तोटा एकच: अट पाळली जाते की नाही हे कुणीतरी दरवर्षी जाऊन बघायला हवं, आणि जाऊन बघण्याचे पैसे कुणालाच वर्गणीतून द्यावेसे वाटत नाहीत. ‘वाघासाठी जमीन’ला लोक देतात, ‘कुंपण-दुरुस्ती निधी’ला देत नाहीत. जमीन घेतल्यावरही तेच: वणवा, उपरं तण, चोरटी तोड, कर. चांगली संस्था हा खर्च किमतीतच धरून मागते. आकडा फुगवलाय असं वाटतं, पण मला त्याउलट वाटतं, तो ज्यात नाही ती मोहीम कच्ची.

कागदांत मी आणखी दोन गोष्टी बघतो. खनिजांचा हक्क कुणाकडे आहे? काही देशांत जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं; वरचं रान तुम्ही घ्याल आणि खाली खोदायला भलताच येईल. दुसरं म्हणजे वहिवाट: त्या तुकड्यातून कुणाचा रस्ता, पाणी, चराई किंवा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर आहे का. ‘निर्मनुष्य रान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जागा पुष्कळदा कुणाच्या तरी जुन्या जागा असतात. प्रिन्सेस लुइसा खाडी शिशाल्ह या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात येते. त्यांच्याशी बोलणं वर्गणीच्या आधी व्हायला हवं.

शेवटी तुमच्या नावाचं. नाही लागत. खरेदीखत होतं ते संस्थेच्या किंवा उद्यानाच्या नावावर. ‘एक चौरस फूट तुमच्या नावे’ अशी सजवलेली प्रमाणपत्रं सहसा आठवणीपुरती असतात. १९८७मध्ये एका छोट्या स्वीडिश शाळेतल्या मुलांनी कोस्टारिकाच्या मोंतेवेर्देतलं जंगल घ्यायला पैसे जमवायला सुरुवात केली. पुढे कितीतरी देशांतल्या मुलांचे पैसे आले आणि आज ‘मुलांचं चिरंतन वर्षावन’ २२ हजार हेक्टरांच्या वर गेलंय. ते तिथल्या एका संवर्धन संस्थेच्या नावावर आहे. सुरुवात करणारी ती शाळकरी मुलं आता पंचेचाळिशीच्या आसपास असतील, आणि कागदावर त्यांचं तिथे एक झाडही नाही.

तुम्ही कुठल्या तुकड्याबद्दल विचारताय ते लिहिलंत आणि मोहिमेचे कागद उघड असतील, तर खाली टाका. करार आणि मुदत आधी बघू.